डिझेल आणि विजेच्या इंजिनांची जोडी : मागच्या इंजिनातील माणसाचे काय?

(कुम्हारी येथे मराठी भाषक रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त ड्रायव्हरने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला विषय दिला आहे तो प्रवासी गाडीला डिझेलचे आणि विजेचे अशी दोन्ही इंजिने एकाच वेळी जोडण्याचा. विषय ऐकून काहींना वाटले असेल की आता सगळीकडे तारा आल्या, डिझेल बाजूला पडले, मग हे जुने दळण कशाला? मी मुद्दाम तेच सांगण्यासाठी इतक्या लांब आलो आहे. जोडी संपलेली नाही. पूर्वी ती वेळापत्रकात लिहिलेली असे. आता ती अडचणीच्या रात्री, अचानक लागते. आणि त्या रात्री दोन्ही इंजिने जाणणारा माणूस हजर असेल की नाही, याची खात्री आज कोणी देत नाही.

आपण बसलो आहोत ती जागाच पाहा. एका बाजूला भिलाईचे विजेच्या इंजिनांचे शेड, दुसऱ्या बाजूला रायपूरचे डिझेल शेड आणि मध्ये आपले कुम्हारी. खारून नदी ओलांडली की रायपूर जिल्हा. हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या इथून जातात. नागपूर-दुर्ग टप्प्यावर १९९० च्या आसपास तारा आल्या. त्याआधी या टापूत इंजिन बदलणे हे रोजचेच काम होते. पुढेही टिटलागढ़ मार्गावर तारा पडेपर्यंत त्या बाजूला डिझेलच चालले. दल्लीराजहराकडे जाणारी डिझेल डेमू विजेच्या तारांखालून धूर सोडत जाताना कुम्हारीच्या लोकांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. तेव्हा दोन्ही शक्तींची ओळख तुम्हाला मी करून द्यावी असे नाही. पण दोन्ही इंजिने एकाच गाडीला लावून चालवण्याचे काम मी जिथे शिकलो तो बोरघाट आहे, कर्जत ते लोणावळा. म्हणून आधी तुम्हाला थोडे तिकडे नेतो.

बोरघाटाची चढण १:३७ आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशोबाने ही भिंतच. रेल्वे तिथे १८६३ साली पोहोचली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबईत कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली आणि १९२९-३० पर्यंत तारा पुण्याला व इगतपुरीला पोहोचल्या. त्या घाईमागे उपनगरी गर्दी होती तसे हे दोन घाटही होते. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिने लागतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. ती कर्जतला मागे लागायची आणि लोणावळ्याला सुटायची. माझ्या काळात बँकर म्हणजे चित्तरंजनची डब्ल्यूसीजी-२, पंधराशे व्होल्ट डीसीवर चालणारी.

आता पुण्याच्या पुढे तारा नव्हत्या. कोल्हापूर-सोलापूरकडच्या काही गाड्यांना म्हणून मुंबईपासूनच डिझेल लावत, म्हणजे वाटेत इंजिन बदलायला नको. ती गाडी घाटात आली की पुढे डिझेल आणि मागे विजेचे बँकर. प्रवाशाला याचा पत्ताही नसे. तो कर्जतला वडा खात असे, तोवर मागे जोडकाम चाललेले असे.

ही जोडी चालायची कशी? दोन डिझेल एकत्र लावली तर मध्ये केबल लावून एकच ड्रायव्हर दोन्ही चालवतो. विजेच्या दोन इंजिनांचेही तसेच. पण एक डिझेल आणि एक विजेचे, यांचा मेळ केबलने बसत नाही. डिझेलच्या कंट्रोल सर्किटची बॅटरी साधारण ७२ व्होल्टची, विजेच्या इंजिनाची ११० ची. डिझेलच्या थ्रॉटलला आठ नॉच, जुन्या टॅप-चेंजरच्या विजेच्या इंजिनाला बत्तीस. शिवाय एक पुढे आणि एक गाडीच्या शेपटीला, मध्ये वीसबावीस डबे. म्हणून दोन इंजिनांत दोन वेगळे संच बसतात आणि त्यांच्यामधली केबल म्हणजे शिट्टी. पुढच्याने एक आखूड शिट्टी द्यायची : मी निघायला तयार आहे. मागच्याने एक आखूड शिट्टी देऊन उत्तर द्यायचे. मग हलायचे. वॉकी-टॉकी नंतर आले, पण नियम शिट्टीचा.

यात गंमत आहे ती अशी. डिझेलला नॉच दिला की इंजिनाचे फेरे वाढायला, अल्टरनेटरने करंट द्यायला काही क्षण जातात. विजेचे इंजिन तारेतून ओढते, ते लगेच उठते. दोघांनी एकाच क्षणी हँडल हलवले तर मागचा आधी रेटतो, बफर दाबले जातात, आणि वळणावर असला दाब चांगला नाही. मागच्याने उशीर केला तर सगळा भार पुढच्या कपलिंगवर येतो. म्हणून चांगला बँकर ड्रायव्हर ॲमीटरकडे डोळा आणि पुढच्या आवाजाकडे कान ठेवून बसे. पुढचे डिझेल बोगद्यात शिरले की त्याचा सगळा धूर मागच्या केबिनमध्ये यायचा, हे जाताजाता सांगतो. विजेच्या इंजिनावर काम करून डिझेलचा धूर खाणारे कामगार त्या घाटातच असावेत.

माझी एक चूक सांगतो. मी डिझेलवर नवीन ड्रायव्हर होतो. पावसाळा होता, आणि घाटातला पाऊस म्हणजे समोरचे दहा फूट दिसत नाही. सिग्नलला गाडी थांबली. सिग्नल मिळाला, मी आखूड शिट्टी दिली आणि उत्तराची वाट न पाहता नॉच उघडला. मागच्याला पावसात माझी शिट्टी ऐकूच गेली नव्हती. माझी चाके रुळावर फिरू लागली, गाडी ताणली गेली, दोन हात पुढे सरकली आणि अडकली. असिस्टंटने मला हात लावून सांगितले तेव्हा मी पॉवर बंद करून ब्रेक धरला. पुन्हा शिट्टी, उत्तर आले, गाडी निघाली. कपलिंग तुटले नाही हे नशीब. लोणावळ्याला बँकर सुटल्यावर त्यावरचे वयस्कर ड्रायव्हर छत्री घेऊन अख्खा फलाट चालत माझ्या इंजिनापाशी आले. आम्ही तरुण मंडळी त्यांना काका म्हणत असू. मला वाटले आता शिव्या. ते म्हणाले, "शिट्टी दिलीस ते ठीक. पण माझी ऐकलीस का? पाऊस किती होता, तुला दिसत नव्हता का? मी मागे बसलोय म्हणजे झोपलोय असं वाटलं?" मी म्हटले, "चुकलं काका." ते म्हणाले, "चहा सांग." एवढ्यावर मिटले.

मी ही गोष्ट अशासाठी सांगितली की नियमाप्रमाणे गाडीची जबाबदारी पुढच्या ड्रायव्हरवर असते. सिग्नल त्याने पाहायचे, ब्रेक त्याने लावायचा, आणि मागच्याने त्याच्या इशाऱ्याप्रमाणे वागायचे. नियम बरोबर आहे, गाडीला दोन मालक चालत नाहीत. पण यातून कागदावर मागचा माणूस पुसला जातो. गाडी वेळेवर पोहोचली तर नाव पुढच्याचे, आणि काही घडले तर मात्र पहिला प्रश्न येतो, "बँकर काय करत होता?"

घाटात डीसी होती, तिथे एक गोष्ट सोपी होती : न्यूट्रल सेक्शन नव्हता. इथे २५,००० व्होल्टच्या मुलखात तो आहे. दोन सबस्टेशनांचे फेज वेगळे, म्हणून मध्ये तारेचा एक तुकडा विनाविजेचा ठेवतात. आधी ५०० मीटरवर आणि २५० मीटरवर पाट्या असतात, विजेच्या इंजिनाने ब्रेकर उघडून तो तुकडा नुसत्या वेगावर पार करायचा असतो. आता पुढे डिझेल आणि मागे चालू विजेचे इंजिन अशी जोडी लावा. पुढच्या डिझेलला त्या पाटीशी कर्तव्य नाही, तो पॉवर देतच राहील. मागचा तिथे गाडीची सगळी लांबी मागे आहे, त्याची पाटी त्याला स्वतः पाहायची आहे, आणि त्याने ब्रेकर उघडला की तेवढा वेळ सगळे ओझे पुढच्यावर. पुढच्याला हे आधी माहीत नसेल तर चढावर गाडी बसते. डिझेलवरच्या माणसाला तारांचे ज्ञान कशाला, असे विचारणाऱ्याला हे उदाहरण द्यावे. दुसरे उदाहरण याहून साधे आहे. तारांखाली उभ्या डिझेलच्या छतावर चढायचे नसते. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावा लागत नाही, दोन मीटरच्या आत गेलात तरी ती तुम्हाला ओढते. जुन्या डिझेलवाल्यांचे पाय सवयीने वर चढत, त्यांना हे शिकवावे लागले.

आता आजचे पाहू. घाटातही २५,००० व्होल्ट आले, मुंबई उपनगरी भागातला बदल २०१६ साली पुरा झाला. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये विजेची इंजिने धावू लागली. मुंबई-निजामुद्दीन राजधानी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली ती पुढे-मागे विजेचे इंजिन लावून, म्हणजे कसाऱ्याला बँकर जोडण्याचा वेळ वाचला. डिसेंबर २०२३ पासून अमृत भारत गाड्या आल्या, त्यांचे दोन्ही टोकांचे इंजिन पुढच्या केबिनमधून चालते. तंत्र चांगले आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. मागच्या केबिनमधली खुर्ची रिकामी झाली, तेवढी नोंद आपण घ्यायची.

मग डिझेल-विजेची जोडी उरली कुठे? तार तुटली, पँटोग्राफ अडकून ओ.एच.ई. खाली आली, ग्रीड बसली, तिथे. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. उत्तरेची ग्रीड बसली, दुसऱ्या दिवशी पूर्वेची आणि ईशान्येचीही बसली, शेकडो गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. छत्तीसगढ आणि महाराष्ट्र पश्चिम ग्रीडमध्ये असल्यामुळे वाचले. त्या दोन दिवसांत अडकलेल्या गाड्या ओढायला डिझेल इंजिने पाठवावी लागली. त्या वेळी प्रत्येक विभागात डिझेल होते आणि डिझेल चालवणारे हात होते. आज तसे झाले तर किती हात मिळतील?

अशा गाडीला डिझेल लावणे म्हणजे काय काय करावे लागते, ते मी सावकाश सांगतो, कारण तरुण लोको पायलट समोर बसले आहेत. (आम्हाला ड्रायव्हर म्हणत, तुम्हाला लोको पायलट म्हणतात. गार्डसाहेब २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाले. काम तेच आहे.) विजेचे इंजिन बंद पडले की त्याचा कॉम्प्रेसर बंद, बॅटरीवर थोडा वेळ दिवे. पँटोग्राफ खाली घ्यायचा, गाडी सुरक्षित करायची, संरक्षण द्यायचे. मदतीचे डिझेल येते आणि बंद इंजिनाच्या तोंडाला लागते. कपलिंग, ब्रेक पाइप, फीड पाइप, अँगल कॉक. ब्रेक पाइपचा दाब पाच किलो, फीडचा सहा. इथवर सगळ्यांना येते. पुढची गोष्ट महत्त्वाची. बंद विजेच्या इंजिनाचा ब्रेक वाल्व्ह गाडीच्या पाइपपासून तोडला पाहिजे. तो तोडला नाही तर काय होते? फीड पाइपमधून त्या इंजिनाच्या टाक्या भरतात. पुढचा डिझेलवाला ब्रेक लावण्यासाठी दाब उतरवू लागतो, आणि मागचा वाल्व्ह इमानेइतबारे तो दाब परत भरू लागतो. एक उतरवतोय, दुसरा भरतोय. गाडीला ब्रेक पुरा लागत नाही. सपाटीवर हे ध्यानात येते, उतारावर फार उशिरा ध्यानात येते. शेवटच्या डब्यात दाब उतरला का, हे ट्रेन मॅनेजरला विचारल्याशिवाय अशी गाडी हलवू नये.

आता या कामाला दोन्ही इंजिनांचे वाल्व्ह माहीत असलेला माणूस लागतो. जुन्या विजेच्या इंजिनाचे कॉक एका जागी, तीन-फेजच्या नव्या इंजिनाचे दुसरीकडे, डिझेलचे आणखी तिसरीकडे. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना पन्नाशीत डिझेलवरून विजेवर जाण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागले. मुलाच्या वयाच्या इन्स्ट्रक्टरपुढे वही घेऊन बसलो, पण शिकलो. आजचा तरुण थेट विजेवर भरती होतो. डिझेल त्याने शेडच्या कडेला उभे पाहिलेले असते. डिझेल जाणणारे दर महिन्याला निवृत्त होत आहेत. आणखी पाच-सात वर्षांनी मध्यरात्री कंट्रोलरने डिझेल पाठवले, तर ते चालवणारा मिळेलही, पण त्याला विजेच्या इंजिनाशी जोडताना दोन्हीकडचा हिशोब जमेल का?

शिवाय आता डब्यांचाही प्रश्न आहे. नव्या गाड्यांचे दिवे आणि वातानुकूलन इंजिनाच्या तारेतून येते, ज्याला एच.ओ.जी. म्हणतात. पुढे साधे डिझेल लागले की ती वीज नाही. जनरेटर डबा सुरू केला तर ठीक, नाहीतर बंद खिडक्यांच्या डब्यात मेमधल्या दुपारी माणसे बसलेली असतात आणि रागावून इंजिनापाशी येतात. त्यांना उत्तर देणारा कोण, तर ड्रायव्हर.

सगळ्यात धोक्याचे काम मात्र ड्रायव्हरचे नाही. ते दोन बफरांच्या मध्ये शिरणाऱ्याचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरौनी जंक्शनवर इंजिन सोडवताना एक कर्मचारी इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडला गेला. वर्तमानपत्रांतला तो फोटो तुम्ही पाहिला असेल. दोन माणसांमधला इशारा चुकला असे म्हटले गेले. असेलही. पण इशारा चुकला तर माणूस मरावा, अशी रचना कोणी केली? इंग्लंडमध्ये व्हर्जिन ट्रेन्सने २००० नंतर विजेच्या पेंडोलिनो गाड्या आणल्या, तेव्हा त्या अडकल्या तर ओढायला क्लास ५७ ची डिझेल इंजिने तयार ठेवली आणि त्यांना पेंडोलिनोला जुळणारे आपोआप बसणारे कपलर लावले. लोक त्यांना थंडरबर्ड म्हणत. म्हणजे विजेच्या गाडीला डिझेल जोडण्याची वेळ येणार हे त्यांनी आधी धरले आणि खर्च आधी केला. आपल्याकडे एल.एच.बी. डब्यांना मध्य-कपलर आले, ही चांगली गोष्ट झाली. तरी होज पाइप हातानेच लावावे लागतात आणि जुन्या डब्यांचे स्क्रू कपलिंग अजून आहे. मदतीच्या वेळी अंधार असतो, घाई असते, फोनवर वरून कोणीतरी "झाले का, झाले का" विचारत असते, आणि इंजिन व माणूस दोन्ही अनोळखी असतात. रोज बरोबर काम करणारे शंटमन-ड्रायव्हर एकमेकांचा हात ओळखतात. मदतीच्या इंजिनावर तीही सोय नाही.

तासांचे बोलतो आणि थांबतो. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको कामगारांच्या संपानंतर दहा तासांचा शब्द मिळाला. पुढच्या वर्षी ८ मे पासून वीस दिवसांचा मोठा संप झाला, त्यात पुष्कळांची घरे उद्ध्वस्त झाली, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. त्या दहा तासांना बँकर आणि मदतीच्या इंजिनावर कशी कात्री लागते पाहा. बँकरवाला घाटाच्या पायथ्याशी गाडीची वाट पाहत बसतो. दोन तास गाडी नाही. लोक म्हणतात, बसूनच तर होता. मदतीचे डिझेल घेऊन गेलेला संच गाडी पोहोचवतो, आणि त्याला परत आणायला कोणी जात नाही. ड्यूटी साइन ऑनपासून मोजायची, वाट पाहण्यासकट मोजायची, आणि दोन इंजिने असतील तर दोन्ही संचांची नोंद गाडीच्या कागदात व्हावी, ही मागणी मी तुमच्यापुढे ठेवतो.

तिच्या जोडीला आणखी दोन ठेवतो, छोट्या आहेत. प्रत्येक इंजिनाच्या केबिनमध्ये, ते बंद अवस्थेत ओढले जाईल तेव्हा कोणता कॉक कुठे ठेवायचा, याचा मराठीत किंवा हिंदीत मोठ्या अक्षरांचा तक्ता लावावा. मार्गदर्शिका असते, पण ती पेटीत असते, इंग्रजीत असते आणि टॉर्चच्या उजेडात वाचता येत नाही. दुसरी : वर्षातून एकदा, लाइनवर नव्हे, यार्डात, दिवसा, उभ्या गाडीला डिझेल आणि विजेचे इंजिन प्रत्यक्ष जोडून तरुणांकडून सोडवून घ्यावे. शंटमन, ट्रेन मॅनेजर, दोन्ही ड्रायव्हर सगळे एकत्र. भिलाई आणि रायपूर, दोन्ही शेड पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत असलेल्या या जागेइतकी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. एका दिवसाचे काम आहे. त्यासाठी ठराव करायचा असेल तर मसुदा मी आणला आहे, अध्यक्षांकडे देतो.

आता प्रश्न विचारा. ज्यांचे संध्याकाळी साइन ऑन आहे त्यांनी आधी विचारावेत, म्हणजे त्यांना विश्रांतीला वेळ मिळेल.